एकशे पस्तीसची तार

गुढियारी, रायपूर
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

आदरणीय श्यामरावदादा यांस,
सविनय जय भीम.

तुमच्या घशाच्या शस्त्रक्रियेनंतर दूरध्वनीवरचे बोलणे थांबले. मोबाईलवरचे तुमचे दोन-दोन शब्दांचे संदेश मला पुरत नाहीत, म्हणून कागदावर लिहितो. विषय तांत्रिक आहे आणि त्यात अंदाज चालणार नाही.

मायाचा बेस गिटार बदलला आहे. बावीस वर्षांपूर्वी तुम्हीच नागपूरहून आणून दिलेला आणि तिला शिकवलेला तो मोठा, चौतीस इंची बेस आता तिच्या बोटांना लांब पडतो, असे ती उन्हाळ्यापासून म्हणत होती. म्हणून जूनमध्ये मी भिलाईच्या एका वादकाकडून आखूड बेस घेतला. वाजणारी लांबी, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचपट्टीपासून (नट) खाली तारा अडकवतात त्या ब्रिजपर्यंत, बरोबर तीस इंच. तारा पाच. आपल्या भीमगीत पार्टीतील गायकांच्या पट्ट्या खाली असल्याने पाचवी, सर्वांत जाड 'बी'ची तार तिला लागतेच.

अडचण अशी. सदर बाजारातील दुकानदाराने दिलेला पाच तारांचा संच लावला. त्यातील 'ई' खुंटीजवळ तुटली. 'बी' नटमध्ये नीट बसत नाही, कारण तिचे जाड वेटोळे थेट खुंटीवर जाऊन चढते. शिवाय ती इतकी सैल वाजते की स्वर आहे की नुसता धक्का, हे कळत नाही. दुकानदार म्हणाला, "अरे साहब, बेस का तार तो बेस का तार होता है." हे मला मान्य नाही.

मापे देतो. तारेची घुंडी ब्रिजमध्ये जिथे अडकते तिथून नटपर्यंत साडेएकतीस इंच. नटपासून 'बी'च्या खुंटीपर्यंत दोन इंच. प्रत्येक माप दोनदा घेतले आहे.

१२ ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मोठा कार्यक्रम आहे. कीबोर्डवाला राकेश आतापासून म्हणू लागला आहे की बेस तो डाव्या हातानेच वाजवून घेईल. वाद्य वेळेत सिद्ध झाले नाही तर मायाची जागा जाईल. ती बोलून दाखवत नाही, परंतु त्या जागेशिवाय तिने आमच्या संसारात आजवर स्वतःसाठी काही मागितलेले नाही.

आपला,
गुलाबराव


नागपूर
१२ ऑगस्ट

प्रिय गुलाब,
जय भीम.

तुझी चिठ्ठी तुझ्या वहिनीनं मले वाचून दाखवली. शेवटी म्हणते, "हा तुमचा आतेभाऊ चिठ्ठी लिवून राहिला का टेंडर काढून राहिला?" मी हसलो. आता माह्या हसण्याचा आवाज येत नाही, नुसते खांदे हालते. घसा काढल्यापासून घरात एक सोय झाली. ती भांडते, मी पाटीवर उत्तर लिवतो, अन् लिवून होईपर्यंत तिचा राग उतरून जाते.

आता कामाचं. दुकानदारानं तुले लांब बेसच्या तारा दिल्या. तारेचं जाड वेटोळं नटच्या पुढं इंच-दीड इंच जाऊन संपलं पाहिजे, अन् खुंटीवर फक्त बारीक भाग गुंडाळला पाहिजे. तुह्या मापानं जाड भाग तेहतीस इंचाच्या आत संपणारी तार लागते. लांब तारेत तो सदतीसपर्यंत जाते. मग जाड भाग खुंटीवर वाकवला का आतली तार तुटते. तुही 'ई' अशीच गेली.

दुसरी गोष्ट, सैलपणा. तोच स्वर आखूड लांबीवर लावला का तार ढिली पडते. म्हणून आखूड बेसले 'बी' जाड घ्या लागते. लांब बेसवर १३०ची, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर १३० भाग जाडीची, चालते, तुले १३५ची लागन. याच्याहून जाड घेशील तर तारेचा दांडा होईन, मानेवरच्या वरच्या फ्रेटपट्ट्यांवर स्वर खोटा बोलन.

सोबत संच पाठवून राहिलो. पाकिटावर लिवलेलं आहे: आखूड माप, 'बी' १३५. चढवताना आधी खुंटीजवळ काटकोनात वाकव, मग काप. आधी कापशील तर वेटोळं उकलते.

मायाले सांग, तिचा गुरू मुका झाला पण बहिरा नाही झाला.

तुहा,
श्यामराव


रायपूर
रविवार, १ सप्टेंबर

आदरणीय दादा,
सविनय जय भीम.

संच मिळाला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी वाकवून मग कापला. जाड भाग नटच्या पुढे सव्वा इंचावर संपतो. 'बी'चा स्वर आता ठाम आहे. तुमचे गणित बरोबर होते.

मात्र नवी अडचण उद्भवली आहे. मायाच्या हातात 'बी' आणि 'ई' या दोन्ही तारा तिसऱ्या फ्रेटवर खणखणतात. पूर्ण दाबल्या जात नाहीत. मी आमच्या कारखान्याच्या भांडारातून पातळ पात्यांचे मापक आणून बाराव्या फ्रेटवरचे तारेचे अंतर मोजले. अडीच मिलिमीटर होते, ते दोनवर आणले. खणखणाट कायम आहे.

मी स्वतः त्याच जागी तार दाबून पाहिली. माझ्या बोटाखाली ती स्वच्छ वाजते. यावरून माझी बोटे अधिक जाड आहेत, एवढेच सिद्ध होते. तेव्हा दोष तारेच्या ताठपणात असावा, असा माझा निष्कर्ष आहे.

शनिवारच्या तालमीत राकेश सर्वांसमोर म्हणाला, "भाभी, आप कोरस में खड़ी हो जाइए ना, बेस मैं सँभाल लूँगा." माया म्हणाली, "तू पहले अपना सुर सँभाल." सगळे हसले. घरी आल्यावर ती बराच वेळ तळहाताकडे पाहत बसली होती. अलीकडे तिचे लक्ष कामात नसते. या आठवड्यात दोन कप फुटले.

नरम परंतु सैल न वाजणारी 'बी' मिळू शकेल काय? कळवावे.

आपला,
गुलाबराव


रायपूर
३ सप्टेंबर

आदरणीय श्यामरावदादा,
जय भीम.

भासऱ्याले, नवऱ्याच्या मोठ्या भावाले, अशी चोरून चिठ्ठी लिहिणं बरं दिसत नाही, पण तुम्ही माझे गुरू पण आहात. गुरू म्हणून वाचा.

तारेचा दोष नाही. हात माझा आहे.

एप्रिलपासून डाव्या हाताची शेवटची दोन बोटं ऐकत नाहीत. आधी वाटलं बेस मोठा आहे, म्हणून यांच्या मागं लागून लहान घेतला. आता लहान पण जड झाला. ब्लाऊजचे हूक लावाले दहा मिनिटं लागतात. कप धरते, अन् तो कधी सुटला हे तो फुटल्यावर कळते. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट जाते. तुमच्या भावाले सांगितलं की कप ओला होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी कपाचं स्टँड बदललं.

डॉक्टरकडं जाईन दादा. पण आता गेली तर आराम करा म्हणतील, आणि एकदा राकेशनं माझी जागा धरली की तो सोडणार नाही. बावीस वर्षांत मंचावर मागं उभी राहून मी एकदा पण पुढं येऊ द्या म्हटलं नाही. पण मागची ती जागा माझी आहे. बारा ऑक्टोबर होऊ द्या. मग मीच यांना सांगीन.

एक काम करा. पातळ, नरम तारा पाठवा. स्वर थोडा ढिला झाला तरी चालेल, मी सांभाळीन. पण पाकीट १३५चंच असू द्या. पाकिटावर कमी आकडा दिसला तर हे दहा प्रश्न विचारतील आणि मले खोटं बोलता येत नाही.

उत्तर लिहू नका, टपाल यांच्याच हातात पडते. हव म्हणायचं असेल तर नुसत्या तारा पाठवा.

माया


नागपूर
१० सप्टेंबर

प्रिय गुलाब,
जय भीम.

तुझी अडचण समजली. सोबत दुसऱ्या कारखान्याचा संच पाठवतो. 'बी' १३५चीच आहे, पण यांचा माल जरा नरम असते. लाव अन् मोकळा हो. मोजत बसू नको, तिले वाजवू दे.

तुहा,
श्यामराव


रायपूर
रविवार, २९ सप्टेंबर

श्री. श्यामराव यांस,
जय भीम.

तुमच्या दुसऱ्या संचाने खणखणाट कमी झाला. माया समाधानी होती. परंतु 'बी'चा स्वर पुन्हा पहिल्यासारखा लोंबू लागला. एकाच मापाच्या दोन तारा एकाच लांबीवर इतक्या वेगळ्या वागू शकत नाहीत. "मोजत बसू नको" हे तुमचे वाक्यही मला खटकले होते. चाळीस वर्षांत तुम्ही मला हे कधी म्हणाला नव्हतात.

मी भांडारातील स्क्रू गेजने तार तीन ठिकाणी मोजली. तिन्ही ठिकाणी १२०. पाकिटावर १३५. इतर चार ताराही पाकिटावरील आकड्यांपेक्षा पातळ निघाल्या. पाकिटाची कड पाहिली. ती उघडून पुन्हा चिकटवलेली आहे.

मी एकतीस वर्षे भांडारात मालाची तपासणी करतो. लेबल एक आणि आत दुसरे, याला आमच्याकडे एकच शब्द आहे. तो मोठ्या भावासाठी वापरण्याची वेळ माझ्यावर यावी, याचे दुःख आहे. माया तुम्हाला गुरू मानते. तिच्या कार्यक्रमाच्या तोंडावर तुम्ही हे करावे?

मायाने हे ऐकून "राहू द्या, याच तारा राहू द्या" असा हट्ट धरला. तिचा भिडस्त स्वभाव मला ठाऊक आहे. मी तुमच्या या पातळ तारा उतरवून तुम्हीच आधी पाठवलेला खरा संच पुन्हा चढवला आहे. तुमच्या तारा सोबत परत पाठवतो.

यापुढे या विषयावर आपला पत्रव्यवहार नसावा.

गुलाबराव


नागपूर
५ ऑक्टोबर

गुलाब,

तार तू बरोबर मोजली. पाकीट मीच बदललं. काहून बदललं ते विचारू नको. चूक माही आहे, अन् मी ती मान्य करतो.

तारांचं राहू दे. मायाचा हात एखाद्या चांगल्या डॉक्टरले दाखव. कार्यक्रमाच्या आधी दाखव.

श्यामराव


रायपूर
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दादा,
सविनय जय भीम.

चार महिन्यांनंतर लिहीत आहे. क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर मला लिहिता येणार नाही.

५ ऑक्टोबरचे तुमचे पत्र मला वेळेत मिळाले होते. त्यातील हाताविषयीच्या ओळीखाली मी लाल शाईने रेघ ओढली आणि समासात "विषयांतर" असे लिहिले. मालाचा दोष गिऱ्हाइकाच्या हातावर ढकलणारे पुरवठादार मी पुष्कळ पाहिले होते. पत्र फाइलला लावले. आज ते माझ्यासमोर आहे.

१२ ऑक्टोबरला मायाने मी चढवलेल्या ताठ तारांवर दोन गाणी वाजवली. तिसऱ्या गाण्यात तिचा हात वाद्याच्या मानेवरून घसरला आणि बेस थांबला. राकेशने कीबोर्डवर डावा हात टाकला. लोकांना काही कळले नाही. माया शांतपणे कोरसमध्ये जाऊन उभी राहिली आणि कार्यक्रम संपेपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. तिचे तळवे एकमेकांवर नीट पडत नव्हते, हे मला पहिल्या रांगेतून दिसत होते. मी त्याचा अर्थ असा लावला की ती माझ्यावर रागावली आहे.

त्यानंतर तिने बेसची खोळ उघडली नाही आणि डॉक्टरांचे नावही काढले नाही. जागा गेलीच आहे, आता घाई कशाची, असे तिला वाटले, असे ती नंतर म्हणाली. डिसेंबरमध्ये ती ओल्या फरशीवरून चालावे तशी चालू लागली. मी तिला नव्या चपला आणून दिल्या. १९ जानेवारीला विहाराच्या पायरीवर ती पडली, तेव्हा समता कॉलनीतील एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिला माझ्या शर्टाचे बटण लावायला सांगितले, गुडघ्यांवर हातोडी मारली, मान वाकवायला लावली. पाच मिनिटे. मग मला बाहेर बोलावून विचारले, "हाथ कब से ऐसा है?" आतून माया म्हणाली, "अप्रैल से."

मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू तीन ठिकाणी दबला आहे. २७ जानेवारीला शस्त्रक्रिया झाली. सर्जनचे म्हणणे असे की जे गेले ते बहुधा परत येणार नाही, जे उरले ते टिकवण्यासाठी हे केले. चार-पाच महिने आधी आणले असते तर हाताचे बरेच वाचले असते. मी त्यांना "बरेच म्हणजे किती?" असे विचारले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मायाने तुम्हाला पाठवलेल्या चिठ्ठीविषयी सांगितले. तुम्ही तिचा शब्द पाळला आणि माझा आरोप सोसला. मी क्षमा मागतो. हा शब्द अपुरा आहे, याची जाणीव आहे.

आता प्रश्न. बेस खोळीत पडून आहे. वाजवणारे कोणी नसताना तारा ताणून ठेवाव्यात की सैल कराव्यात? दुसरे काय विचारावे ते मला सुचत नाही.

आपला,
गुलाबराव


नागपूर
१८ फेब्रुवारी

प्रिय गुलाब,

माफी मले मागू नको. मी ती ठेवू कुठं?

मायाची चिठ्ठी आली तवाच मले समजलं होतं. करंट जाते, कप सुटते, हे काही तारेचं दुखणं नाही. माह्या घशाचं असंच झालं होतं. वर्षभर आवाज बसलेला होता अन् मी जेष्ठमध चघळत फिरत होतो. म्हणत होतो, लग्नसराई होऊन जाऊ दे, गणपती होऊन जाऊ दे. डॉक्टरनं नळी टाकून पाहिलं तवा गणपती बी गेले होते अन् घसा बी.

ज्याले हे माहीत होतं त्यानं काय केलं? पाकिटात पातळ तारा भरल्या. मले वाटलं, मी पोरीचा शब्द पाळून राहिलो. गुलाब, घसा गेला होता, हात तर शाबूत होता माहा. एक पोस्टकार्ड पुरलं असतं. शेवटी लिवलं तर ते बी चोरासारखं, एका ओळीत. त्याच्यानंतर दुसरी चिठ्ठी काहून नाही लिवली? तू मले लबाड म्हटलं त्याचा राग आला होता. खरं कारण हेच आहे.

तुह्या प्रश्नाचं उत्तर. तारा पूर्ण सैल करू नको. ताण गेला का लाकडी मान मागं वाकते, अन् मग तारा चढवल्या तरी ती जागेवर येईलच असं नाही. आहे तसा लावलेला ठेव. नाहीतर वाजवणाऱ्याले देऊन टाक. पण ते मायाले विचारून. तू ठरवू नको, मी बी ठरवत नाही.

तुहा,
श्यामराव


रायपूर
रविवार, १६ मार्च

आदरणीय दादा,
सविनय जय भीम.

हे पत्र मायाचे आहे; अक्षर माझे. तिची अट आहे की ती सांगेल ते तसेच उतरवावे आणि भाषा सुधारू नये. येथून पुढे तिचे शब्द.

दादा, तुमची चिठ्ठी यांनी मले वाचून दाखवली. मधात तीनदा चष्मा पुसला. हे पण लिहा. लिहिलं का? दाखवा.

तुम्ही स्वतःले मारून घेऊ नका. चिठ्ठी मी लिहिली होती. तुमच्याकडून खोटं मी करवून घेतलं. पण एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती यांच्याच हातानं लिहवून घेऊन राहिली आहे. यांना मी काहून नाही सांगितलं? काहून की हे ऐकायच्या आधी मोजतात. हात दुखते म्हटलं तर बेसची लांबी मोजली. कप फुटला तर स्टँड बदललं. पाय घसरला तर चप्पल आणली. घरातली प्रत्येक वस्तू तपासून झाली, फक्त मी राहिली. आता थांबले. म्हणतात, "हे लिहिणे आवश्यक आहे का?" आवश्यक आहे.

मी पण कमी नाही. मले माहीत होतं की हे तारेकडंच पाहतील, म्हणून मी तारेचंच नाव सांगत राहिली. सोपं होतं.

मंगळवारी राकेश आला होता. संत्री आणली. म्हणाला, "भाभी, आपके बिना मज़ा नहीं आता." मी म्हटलं, "झूठ मत बोल रे, तेरा बायाँ हाथ तो खुश है." तो हसला नाही. रडला. मलेच त्याले पाणी द्या म्हणावं लागलं. चौदा एप्रिलले बेस कीबोर्डवरच आहे. मी ऐकाले जाणार नाही. त्याच्या मनाले लागू नये म्हणून ताप आला म्हणून सांगू, असं हे म्हणत होते. मी म्हटलं, नाही. आता खोटं कोणाले सांगायचं नाही. येणार नाही एवढंच सांगा.

डाव्या हाताचं काही होणार नाही. उजव्यानं चमचा धरते, थोडं सांडते. डॉक्टरले मी सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. बरं वाटलं.

बेस कोणाले द्यायचा नाही. एवढ्या लवकर नाही. तारा राहू द्या. दर रविवारी हे खुंट्या फिरवतील आणि मी ऐकीन. स्वर दाखवणारं मशीन लावायचं नाही असं ठरलं आहे. मागच्या रविवारी पहिल्यांदा बसलो. 'ए' उतरला होता. मी म्हणत गेली, वर, अजून, अजून थोडा, बस. हे लोक मशीनशिवाय किती घाबरतात दादा! पाच तारांना एक तास लागला. आमच्या लग्नाले सत्तावीस वर्षं झाली, एवढा वेळ हे माझं ऐकत कधी बसले नव्हते.

झालं. एवढंच.

येथे तिचे शब्द संपले. एकही वगळलेला नाही.

सहीविषयी. पेन तिच्या उजव्या हाताच्या बोटांतही राहत नाही. बँकेतील माणसाने सुचवल्यावरून मी शाईचे पॅड आणले होते. ते पुढे केले तेव्हा तिने हात पदराखाली घेतला. तिच्या आईने जन्मभर अंगठा लावला. माया त्या घरातली सही करणारी पहिली बाई. "अंगठा लावणार नाही," एवढेच ती म्हणाली. तिच्या पत्राखाली माझी सही मी करू शकत नाही. तिच्या नावापुरती जागा खाली कोरी सोडली आहे. ती तशीच वाचावी.

आपली,